चोवीस तारखेपर्यंत

३ ऑक्टोबर

वहीच्या पुढच्या अंगाला दूध किती, गोळी किती, ताप किती. ते नर्ससाठी. दर सोमवारी येऊन बघणार आहे म्हणे. मागचं अंग माझं. चौथीनंतर सहीपलीकडे काही लिहिलं नाही. पण कुठेतरी ओकायला पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

म्हातारीला काल दवाखान्यातून घरी आणलं. माझी सासू. पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाला, "दोन आठवडे. फार तर तीन." मी म्हटलं, नक्की काय ते सांगा, मला कामावर सांगावं लागतं. तर असा बघायला लागला, जशी काही गाठ मीच दिली तिला!

टॅक्सीत म्हातारीने विचारलं, "आज किती तारीख ग?"

"दोन."

बोटांवर मोजत बसली. मग म्हणाली, "बावीस दिवस. काढते."

४ ऑक्टोबर

बावीस दिवसांचं काय ते लिहून ठेवते.

नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. सकाळी चहा पीत होता, दुपारी नव्हता. घरात काही नव्हतं. मी तेव्हाही अंड्यांच्या गोदामात होते, आताही आहे. मुकादमाने अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला आणि सगळ्यांपुढे फिरवला. तीस खळगे. कुणी नाणी टाकली, कुणी नोटेची घडी. आणि मग तो ट्रे तसाच घरी आणला, म्हातारीच्या मांडीवर ठेवला! तिचा एकुलता एक मुलगा आत झाकून ठेवलेला आणि मांडीवर ट्रे. ती रडली नाही. खळगे मोजत होती.

त्यानंतर एकच धोशा. "माझ्या वेळी ट्रे फिरवायचा नाही."

दोन वर्षांपूर्वी टायवाला आला. विम्याचा एजंट. शेवटच्या खर्चाचा विमा. माणूस गेलं की कंपनी पैसे देते — गाडी, जागा, फुलं, कागदपत्रं, सगळं त्यातून. म्हातारी तेव्हा स्वेटर विणून विकायची, त्यातून हप्ता भरीन म्हणाली. पण टायवाल्याने एक पाचर सांगितली. पहिली दोन वर्षं थांबायची. त्याच्या आत आजाराने गेलं तर नुसते भरलेले हप्ते परत. अपघाताने गेलं तर मात्र लगेच पूर्ण.

म्हातारी म्हणाली, "म्हणजे आजारी पडायचं तर दोन वर्षांनी. आणि घाई असेल तर जिन्यावरून पडायचं!"

टायवाला हसला नाही. मी हसले.

पावती फाडली ती चोवीस ऑक्टोबरची. या चोवीसला दोन वर्षं पुरी.

६ ऑक्टोबर

नर्स आली. चांगली आहे, पण हळू बोलते, मला पेंग येते. दुखण्यासाठी तांबडं औषध दिलं, चमच्याने द्यायचं. म्हातारीने तोंड मिटून घेतलं. नर्स गेल्यावर म्हणते, "ते घेतलं की माणूस गुंगीत जातो आणि गुंगीतच सुटतो. शेजारच्या मास्तरांचं तसंच झालं. चोवीसनंतर दे."

"आई, दुखतंय तुम्हाला."

"दुखू दे. दुखतंय म्हणजे आहे मी."

९ ऑक्टोबर

कामावर भांडण. माझं काम अंडी दिव्यापुढे धरायची — भोकातून उजेड येतो, त्यावर अंडं धरलं की आतलं दिसतं. भेग, रक्ताचा ठिपका. खराब ते बाजूला. मग ट्रेवर तारखेचा शिक्का. शिक्क्याची चाकं रोज सकाळी मीच फिरवते. आज मुकादम म्हणतो, "एक दिवस पुढची लाव. गाडी उद्या निघणार."

मी म्हटलं, "खोटी तारीख मारायची तर तुमचा हात लावा. माझा नाही लागणार."

"तू काय सत्यवानाची बायको का?"

"तुमची नाही एवढं नक्की!"

सगळ्या हसल्या. तारीख नाही फिरवली. घरी येऊन म्हातारीला सांगितलं, तर हसता हसता तिच्या पोटात कळ आली. पुन्हा काही गंमत सांगायची नाही.

१२ ऑक्टोबर

रविवार. अंघोळ घातली. उचलताना कळलं किती उरलीय. तिचा हात खिडकीच्या उजेडात आला तर बोटांच्या आतलं दिसत होतं, अंड्यासारखं. पटकन खाली घेतला.

दाराजवळ रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे. म्हातारीच्या डोळ्यांत पडदे आलेत, तिला आकडा दिसत नाही. पण कान शाबूत! सकाळी फर्रकन पान फाटलं की आतून विचारते, "किती?" मी म्हणते, "बारा." म्हणते, "बारा गेले, बारा राहिले." कशातले बारा गेले देव जाणे. हिशोब तिचा तिला.

१५ ऑक्टोबर

मी कामावर असते तेव्हा वरच्या मजल्यावरची बहिरी बसते तिच्यापाशी. दोघींचं छान जमतं. एकीला ऐकू येत नाही, एकीला दिसत नाही. म्हातारी सगळी गाऱ्हाणी तिलाच सांगते. माझीच असणार.

१७ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. लांब राहते, येणं होत नाही. "वहिनी, तारीख झाली की कळवा हं."

तारीख झाली की! जसं काही दळण झालं की! मी म्हटलं, "वन्सं, तारीख झाली तरी तुमची आई आई आहे. पार्सल नाही." मग ती रडायला लागली. मग मला वाईट वाटलं. मग मी फोन ठेवला.

२० ऑक्टोबर

नर्स आली. म्हातारीची नाडी धरून बसली, मग मला बाहेर घेऊन म्हणाली, "खरं तर इतके दिवस... त्या कशासाठी तरी थांबल्यात. तसं असतं कधी कधी. काही असेल तर बोलून टाका, मोकळ्या होऊ द्या त्यांना."

आता हिला काय सांगू, कशासाठी थांबल्यात! विम्यासाठी थांबल्यात!

उद्या सुट्टी घेते आणि कंपनीत जाऊन विचारून येते, नंतर कागद काय काय लागतात ते. ऐन वेळी धावाधाव नको.

२१ ऑक्टोबर

पेन कागदातून आरपार जातंय. अक्षर बघा.

कंपनीत गेले. टोकन घेतलं, खुर्चीत बसले, थंडगार हवा. काउंटरवर एक पोरगी, कानाला फोनचं यंत्र. मी पावती दिली. ती म्हणाली, "पॉलिसीचा कागद कुठंय?"

तो होता पिशवीत. पाकिटात. पाकीट दोन वर्षांपूर्वी पोस्टाने आलं तेव्हा वरून प्लास्टिक होतं, चकचकीत. म्हातारी म्हणाली होती, महत्त्वाचा कागद आहे, फोडू नको, खराब होईल. मलाही पटलं. कपड्यांच्या खाली सपाट ठेवला. दोन वर्षं! प्लास्टिक नखाने निघेना म्हणून दाताने फोडलं, त्या पोरीसमोर.

तिने बघितलं. म्हणाली, "काकू, पॉलिसी सुरू एकोणीस नोव्हेंबरला झालीय. दोन वर्षं तिथून धरायची."

मी म्हटलं पावती बघ, चोवीस ऑक्टोबर आहे.

"ती एजंटची पावती. त्याने फॉर्म आमच्याकडे कधी जमा केला ते महत्त्वाचं. इथे लिहिलंय बघा." बोट ठेवलं. लिहिलेलं होतं. मला वाचता येतं. दोन वर्षं कपड्यांखाली लिहिलेलं होतं.

मी ओरडले. वॉचमन उठला. पोरगी बिचारी म्हणाली, "तुम्ही तक्रार लिहून द्या, पण तारीख बदलत नाही कुणी." पाणी दिलं तिने. प्यायले. काय करणार.

तिथून टायवाल्याला शोधला. आता टाय नाही. मोबाइलची कव्हरं विकतो बसस्टॉपजवळ. ओळखलं मला. म्हणाला, "मावशी, मी दहा फॉर्म जमले की एकदम द्यायचो. दहाचा गठ्ठा दिला की बोनस मिळायचा. तुमचा पहिला होता, म्हणून थांबला."

"तू म्हणाला होतास दोन दिवसांत!"

"सगळ्यांनाच म्हणायचो."

थोबाडीत मारणार होते. पण तो असा उभा होता, हातात कव्हरं, नजर खाली. मारून काय चार आठवडे परत मिळणार होते?

घरी आले तर म्हातारी विचारत होती, "काय म्हणाले ग कंपनीवाले?"

मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे. चोवीसच."

२२ ऑक्टोबर

पान फाडलं नाही.

हे लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. सकाळी दारापाशी गेले, पान धरलं. परवा चोवीस. चोवीस ऐकलं की ती सोडणार. नर्स बोललीच की — थांबल्यात म्हणून. सोडलं की ट्रे. तो बघायला ती नसेलच, पण मला दिसेल ना तो ट्रे.

गोदामातला कागद होता पिशवीत. तो फाडला. फर्र.

"किती?"

"एकवीस."

"काल एकवीस नव्हते?"

"काल वीस होते आई. दिवस गोंधळतोय तुमचा."

"असेल," म्हणाली. एवढंच. विश्वास ठेवला माझ्यावर.

२७ ऑक्टोबर

अजून एकवीस. रोज विचारतच नाही आता. सारखी झोपते, जागी होते, सकाळ का दुपार ते कळत नाही तिला. कुठल्या वेळी विचारलं की मी म्हणते, "आहे तोच दिवस आहे, झोपा." वरच्या बहिरीला ऐकूच येत नाही, ती काय तारीख सांगणार. नर्सला सांगून ठेवलं, तारखेचा विषय नको, त्या घाबरतात. नर्स म्हणाली, "तुम्ही फार जपता त्यांना."

लाज वाटली.

३० ऑक्टोबर

आज बावीस केली.

मुकादमाने पुन्हा शिक्का पुढे लावायला सांगितला. मी चाक फिरवलं. बाजूची म्हणाली, "का ग, आज जीभ घरी ठेवलीस?" कुठल्या तोंडाने बोलू.

२ नोव्हेंबर

नणंदेच्या मुलीचा वाढदिवस. दर वर्षी आजीला फोन करते. आजी सगळ्या कुळाचा आशीर्वाद देते, दहा मिनिटं. आज फोन वाजला आणि मी नंबर बघून बाहेर जिन्यात गेले. वाढदिवस दोन नोव्हेंबरला असतो हे म्हातारीला पाठ आहे. बोलणं झालं की संपलं सगळं.

मी म्हटलं, "आजी झोपलीय ग."

पोरगी म्हणाली, "मामी, उठली की लावून देशील? नक्की?"

"देईन."

आत आले तर म्हातारी जागी. "कोण होतं?"

"राँग नंबर."

राँग नंबरशी एवढा वेळ कोण बोलतं! पण ती नुसती भिंतीकडे वळली.

३ नोव्हेंबर

नर्स येऊन गेली. दूध चार चमचे.

६ नोव्हेंबर

आज फार दुखलं. उशीचा कोपरा दातात धरला होता. तांबडं औषध पुढे केलं तर हाताने ढकललं. सांडलं चादरीवर. "अजून किती ग चोवीसला?"

मी काय सांगणार! खरं सांगितलं — चोवीस कधीच झाले, अजून तेरा दिवस काढायचेत — तर तुटेल. चोवीस झाले म्हटलं तर औषध घेईल, शांत होईल, आणि जाईल. गप्प राहिले तर असंच दुखत राहील. तिन्हीकडून मीच! नवऱ्याच्या वेळी निदान काही करायला वेळच नव्हता.

"दोन दिवस आई. दोनच."

"दोन काढते," म्हणाली. तिने काढले की मी पुन्हा दोन देते.

माणूस आहे का मी.

८ नोव्हेंबर

नर्सला फोन केला, सोमवारपर्यंत थांबवेना. सगळं नाही सांगितलं. विचारलं, त्या औषधाने माणूस जातो का? ती म्हणाली, "नाही हो. सांगितलंय तेवढंच दिलंत तर दुखणं जातं, माणूस नाही. दुधातून दिलंत तरी चालेल."

दुधातून दिलं. दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. "दूध कडू लागतंय."

"गाय म्हातारी असेल."

"मग मरू दे तिला बिचारीला," म्हणाली, आणि उरलेलं प्यायली.

दुपारभर झोपली. कपाळावरची आठी गेली. मी बाजूला बसून बटाटे सोलले. किती दिवसांनी घरात कण्हण्याचा आवाज नव्हता. बटाटे संपले तरी बसून राहिले.

१० नोव्हेंबर

नर्स म्हणाली, "बरंच बरं दिसतंय. असं होईल वाटलं नव्हतं." आज तेवीस केली. पुढचं पान चोवीसचं. त्याला मी हात लावणार नाही एकोणीसपर्यंत.

१३ नोव्हेंबर

म्हातारी जुन्या गोष्टी सांगते आता. मी लग्न होऊन आले तेव्हा भांडी आपटायचे म्हणे. "मला वाटलं, ही बाई वर्षभरात माझा गळा दाबणार."

"मनात होतं."

"माहीत आहे. मीही तुझा चहा मुद्दाम गार करायचे."

पंचवीस वर्षांनी कळलं! मी समजायचे या घरातली शेगडीच खराब.

१५ नोव्हेंबर

कामावरून येताना जिना चढताना वाटतं — आत गेले आणि ती नसली तर? आधी वाटायचं, एकोणीसच्या आत नको. आज वाटलं, नको. एवढंच. पुढे काही तारीख नव्हती त्याला.

१७ नोव्हेंबर

नर्स. नाडी बारीक. चादर नीट करून गेली.

१९ नोव्हेंबर

झाली दोन वर्षं.

कंपनीत फोन लावला, तीच पोरगी होती की दुसरी कोण जाणे. म्हणाली, "हो काकू, आजपासून पूर्ण रक्कम लागू." मी म्हटलं बरं. तिने विचारलं आणखी काही मदत हवी का. मी म्हटलं तू काय मदत करणार.

गाडी, जागा, फुलं. कुणापुढे ट्रे नाही. जिंकलो म्हणायचं.

कॅलेंडरपुढे उभी राहिले. पान धरलं. तेवीसचं. नऊ दिवस हात लागून कोपरा मळलाय. फाडलं की ती विचारणार — किती? मी म्हणणार चोवीस. आणि ती म्हणेल, झालं बाई. पाय लांब करेल.

तिला सांगायला पाहिजे. तिचा हक्क आहे. दुखणं तिचं, हप्ते तिचे, तारीख तिची. मी कोण अडवणारी?

उद्या सांगते.

२० नोव्हेंबर

सकाळी विचारलं, "आज किती ग?" चोवीस म्हणायचं ठरवून बसले होते. तोंडातून तेवीस निघालं.

म्हातारी हसली. नुसत्या हिरड्या. म्हणाली, "या आठवड्यात नर्सचे पाच सोमवार आले."

मी तिची उशी सारखी करायला लागले.

"ते कडू आता चमच्यानेच दे. दूध नासवतेस उगाच. आणि नातीला फोन लाव, वाढदिवस होऊन गेला तिचा." मग दाराकडे हात करून, "पान राहू दे. फाडू नको एवढ्यात."